अप्पांच्या गुडघ्याला लागलेला किडा

मंडळी, तुमचा संपादक वाचनालयाच्या फळ्यावर हे चिडूनच लिहितोय.

हैदराबादच्या प्रोफेसर मित्राने माझ्या आज संध्याकाळच्या व्याख्यानापुरती एक वस्तू दिली होती: काचेवर चिकटवलेली दगडाची पातळ चकती, आत दगड झालेला सूक्ष्म किडा. अख्ख्या निजामी मुलखात अशी एकच असेल.

दुपारी ती अडतवाल्या शिवलिंगअप्पांना दाखवली. म्हणालो, "औषधातल्या लाल बीरबहुटीचा, म्हणजे मृगाच्या किड्याचा, हा प्राचीन भाऊबंद. जमिनीवर चाललेल्या पहिल्या जिवांपैकी एक."

पाणी पिऊन येतो, तर चकती सहाणेवर उगाळलेली आणि लेप अप्पांच्या गुडघ्यावर!

"अप्पा, हे काय केलंत?"

"हकीमसाब गुडघ्याला बीरबहुटीच देतेत की, संपादक. ही तर जुनी, लई गुणाची!"

कोट्यवधी वर्षं दगडात टिकलेला जीव गुडघ्यात जिरला. आता मित्राला परत काय पाठवू, सहाण?