दुसरी लाल खूण

सर निवृत्त होऊन दुर्गमधल्या पद्मनाभपूरला राहायला गेले, तरी माझ्या प्रबंधाची पानं तेच तपासत. कागदोपत्री मार्गदर्शक दुसरे होते. भिलाईतलं कॉलेज सांभाळून मी दर रविवारी स्कूटरवर दुर्गला जायचे.

विषय फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्सचा. साध्या समीकरणाला आत्ताचा वेग पुरतो, याला सुरुवातीपासूनचं सगळं धरावं लागतं. त्यात माझी अट इंटिग्रलची, म्हणजे सलग बेरजेची होती. सुरुवातीची किंमत थेट दिलेली नाही. ती शून्य ते एक या पूर्ण अंतरावरच्या बेरजेच्या लॅम्डा पट, लॅम्डा हा ठरलेला आकडा. उत्तर काढताना शेवटी एक उणे लॅम्डानं भागावं लागतं. म्हणजे लॅम्डा एक नसावा, नाहीतर भाजक शून्य होतो, हे आधी लिहायला हवं.

सर कुणाचंही पान घेतलं की आधी भागाकार शोधत. एमएस्सीला असताना भर वर्गात मला म्हणाले होते, "शून्यानं भागून राहिली बाई, अन् खाली 'म्हणून सिद्ध' लिहून राहिली."

एका रविवारी त्यांनी माझ्या बारा पानांवर बरोबरच्या लाल खुणा केल्या. "मस्त झालं," म्हणाले. संध्याकाळी टाइप करताना मला दिसलं, लॅम्डाची अट मी लिहिलीच नव्हती.

पुढच्या रविवारी तीच पानं, चूक न सुधारता, मी पुन्हा नेली. मुद्दाम. असं करायला नको होतं.

सरांनी चष्मा पुसला, सावकाश वाचलं आणि पहिल्या खुणेशेजारी दुसरी केली.

"हे नवीन आहे ना?"

"हो सर."

"भाजक पाहिला का?"

"पाहिला सर."

"मग झालं. काऊन एवढी घाबरून राहिली?"

मी चहाचे कप ठेवायला आत गेले. सरांच्या पत्नी, काकू, गॅसपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समजलं ना तुले? मी दिवाळीपासून ह्यांचं विसरणं पाहून राहिली. मुलाले अजून सांगतलं नाही."

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. रविवारी सकाळपासून पेन घेऊन बसते ते. तू येणं बंद नको करू."

घरी येऊन मी अट लिहिली. एक ओळ, दोन मिनिटांचं काम. मग मागची तिन्ही प्रकरणं काढली. सरांनी पाहिलीत म्हणून मी ती पुन्हा वाचलीच नव्हती. आणखी दोन चुका निघाल्या.

आता प्रत्येक पान मी शनिवारीच तपासून पुरं करते. रविवारी ते सरांकडे नेते आणि ते वाचत असताना समोर बसते.