लुगड्याचा आवाज

पांढुर्ण्याच्या दुकानात शामरावकाका कापड बोटांनी चाचपत नसत. ताग्याचं टोक कानाजवळ झटकत आणि डोळे मिटत.

"अरे, घ्यायचं हाये का ऐकायचं?" शेठ खेकसायचा.

"ऐकूनच तर घेऊन राहिलो. हे टेरिकॉट मुकं हाये, शेठ. सुती काढ."

काका तरुणपणी खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात बाईचं सोंग घेऊन नाचत. व्हिडिओ आला, गमतीचे फड बंद पडले, पण लोकांच्या तोंडी ते नाच्याच राहिले. गेल्या वर्षी वारले तेव्हाही लोक म्हणाले, "नाच्या गेला." ज्याच्या पायांवर गावंच्या गावं रात्रभर जागली, त्याला नाव नाही? मी विचारतो, का नाही?

सौंसरच्या त्यांच्या खोलीत एका दुपारी मी त्यांचा एक वेगळाच नाच पाहिला. ढोलकी नाही, घुंगरू नाही. पेजेत कडक केलेलं लुगडं नेसून काका गमतीतली जुनी पावलं टाकत होते. काष्टा करकरला. पदर फिरला आणि कुठूनतरी कबुतरं उडाल्यासारखं झालं. निऱ्या सरकल्या, तसा संत्र्याच्या बागेतून वारा गेला. मी कुठं बसलोय तेच विसरलो.

"पाय चुकला तर घुंगरू झाकून घेते, बापू," ते म्हणाले. "लुगडं नाही झाकत."

हा नाच एकदा आपल्या समाजापुढं व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या दलित चळवळीच्या मोहगावच्या सभेसाठी मी त्यांचं नाव सुचवलं, तर आमचे अध्यक्ष गुरुजी भडकले. "पाटलाच्या अंगणात आपली माणसं नाचवली, तेच आता आपल्या मंचावर?" राग खरा होता. माझ्याही पत्रकांत तोच असायचा.

माझ्यासोबत आलेले काका म्हणाले, "गुरुजी, घुंगरू त्यायचे होते. पाय माहे होते. पाय तिथंच सोडून येऊ का?"

गुरुजींनी कार्यक्रमाचा कागद पुढं ओढला. मग पुटपुटले, "भाषणांच्या आधी करा. थोडक्यात."

काका लुगडं नेसून उभे राहिले आणि पोरांच्या शिट्ट्या सुटल्या. "ए बाई, बाजा कुठी इसरली?" काकांनी भोंगा बंद करायला लावला आणि नुसतेच चालू लागले. ऐकू येईना, म्हणून मागचे लोक पुढं सरकले. बायका तर मंचाला येऊन टेकल्या. एक म्हातारी एकदम म्हणाली, "अवो, माही माय कामाले निघे तं असंच वाजे!" त्यानंतर कोणी खोकलंही नाही. सगळी सभा एकाच स्वप्नात शिरल्यासारखी झाली होती.

नाच थांबला. गुरुजी म्हणाले, "शामराव, हे आपल्या पोरींना शिकवा."

"पोरींले लुगडं येते, गुरुजी. मले पोरं पायजेत."

काकांनी पिशवीतून दुसरं लुगडं काढलं आणि शिट्ट्या मारणाऱ्यांपुढं धरलं. पोरांनी माना खाली घातल्या. आम्ही कार्यकर्तेही एकमेकांकडं पाहत राहिलो.

मग गुरुजी उठले. कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि लुगड्याचं टोक हातात घेतलं.

"सांगा, शामराव," ते म्हणाले. "आधी कुठं खोचायचं?"