एका नळीवर दोन झडपा

…तर पंप नुसता गुरगुरत होता आणि पाणी जागचं हलत नव्हतं, इथवर आलो होतो ना? तळघरात माणसाहून उंच असे दोन हीटर, रंगही अजून वाळला नव्हता, आणि त्यांच्यापुढे दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी. एक फिटर, दुसरा पंपवाला. फिटरला धंद्यातले लोक मागून ‘वाफ’ म्हणत. पाण्याआधी ह्याचं डोकं तापायचं, म्हणून. आणि पंपवाला म्हणजे त्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा. नातं असं जवळचं, पण बोलणं बंद!

हे नर्सांचं वसतिगृह, तीन मजली. सगळ्यात वरच्या, अगदी टोकाच्या नळाला तोटी सोडल्याबरोबर गरम पाणी हवं असेल, तर ते सतत फिरतं ठेवावं लागतं. एका नळीनं वर जायचं, दुसऱ्या नळीनं खाली परतायचं, आणि पंपानं त्याला पुन्हा हीटरात ढकलायचं. घाण्याचा बैलच म्हणा ना! पण इथं बैल खुंट्याला बांधल्यासारखा उभा.

मेट्रनबाई जिन्यात येऊन कडाडल्या. “माझ्या मुली रात्रपाळी करून येतात आणि बादलीभर गार पाणी ओतून दिल्यावर कुठं कोमट धार येते. ही आंघोळ आहे की शिक्षा? संध्याकाळपर्यंत गरम पाणी आलं नाही, तर दुसरा फिटर आणून सगळं उचकटून टाकीन!”

‘दुसरा फिटर’ हे शब्द वाफेच्या काळजात खिळ्यासारखे रुतले. पोरवयात तो एका बॉयलरवाल्याच्या हाताखाली शिकला. सांधा गळला की गुरू कान पिळायचा, तेही सांध्यासारखाच, पक्का. तेव्हापासून वाफेची एकच फुशारकी : मी आवळलेल्या सांध्याला आजवर दुसऱ्याचा पाना लागलेला नाही. मुलगी बघायला गेला तिथंही त्यानं हे ऐकवलं. मुलीचे वडील म्हणाले, “बरं बरं, पण चहा घेता ना?”

कामाच्या बाबतीत मात्र गडी कडक. आधी बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचा चुरा टाकून खळाखळा हलवायचं. फेस धरला नाही, म्हणजे पाणी जड निघालं, की ह्याचं तोंड वाकडं. मग पिशवीतून पांढऱ्या थरानं बुजलेला जुन्या नळीचा तुकडा काढून गिऱ्हाइकाच्या टेबलावर आपटायचा. “ही बघा तुमच्या पाण्याची हाडं! आधी पाणी मऊ करायचं यंत्र, मग हीटर. पटत नसेल तर राम राम.” मेट्रनबाईंच्या टेबलावरही आपटला. यंत्र आलं, पण टेबलाच्या काचेला तडा गेला. बाईंनी तो तडा अजून पोटात ठेवलाय.

मेहुण्याशी वैर त्याही आधीचं. बहिणीच्या नव्या घरात वाफेनं हौसेनं हीटर बसवला, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मेहुणा जेवताना म्हणाला, “दादांच्या हीटरचं पाणी प्यायला चालेल, अंगावर घ्यायला स्वेटर लागेल.” हशा पिकला. वाफ भरल्या ताटावरून उठला तो उठलाच. त्यानंतर सगळं बोलणं बहिणीमार्फत. आता पंपाचं काम बाईंनी नेमकं मेहुण्याला दिलेलं. दोघं तळघरात हाकेच्या अंतरावर, आणि वाफ फोन लावणार घरी बहिणीला : “तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या नळीवर बसलाय, उठ म्हणावं.” की लगेच मेहुण्याचा फोन वाजणार!

परतीच्या नळीला एक झडप लागते. पाणी एकाच बाजूला सोडणारी, उलटं फिरू न देणारी. वाफेनं बहिणीजवळ निरोप दिला, “झडप मी बसवतोय, त्यानं हात लावायचा नाही.” मेहुण्याचाही तिला शब्दाला शब्द तोच निरोप. बहीण धुण्याच्या ढिगात बसलेली. ती करवादली, “मी एकाची बहीण आहे, एकाची बायको आहे, टपालखातं नाही! खड्ड्यात जा दोघं!” आणि फोनच बंद करून टाकला.

झालं! मेहुण्यानं पंपाच्या अलीकडे झडप बसवली, वाफेनं पलीकडे, हीटरच्या तोंडाशी. तीही रागाच्या भरात, भिंतीच्या फटीत आडवं पडून.

आता पंपाचं अंग चटके द्यायला लागलं. मेहुण्यानं तो बंद केला आणि भिंतीला म्हणाला, “कुणाच्या तरी नळीत बोळा राहिलाय वाटतं.”

“कुणाच्या तरी पंपात जीवच नाही,” वाफ हीटरला म्हणाला.

“बोलावू का दुसरा फिटर?” वरून बाई.

वाफ पुन्हा फटीत शिरला. झडपेच्या अंगावर पाण्याची दिशा दाखवणारा उठावाचा बाण असतो. अंधारात त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. बाण पंपाकडे! म्हणजे मेहुण्याची झडप पाणी पुढे सोडणार आणि ह्याची ते अडवणार. चूक ह्याची. एकट्यानं सोडवायला गेला, तर झडपेबरोबर नळीच पिळवटायला लागली. पलीकडून कुणीतरी घट्ट धरायला हवी. आता एक तर तो दुसरा फिटर, नाहीतर हा मेहुणा.

“मेहुणे!” फटीतून आवाज आला. “पाना घेऊन इकडं या. नळी धरा.”

“माझ्याशी बोलताय, दादा, की हीटरशी?”

“हीटरला हात असते तर तुमचं तोंड कशाला बघितलं असतं?”

मेहुण्यानं धरली. वाफेनं झडप सोडवली, नळीतलं राहिलेलं पाणी छातीवर घेतलं, बाण हीटरकडे करून पुन्हा आवळली. पंप सुरू केला. गुरगुर जाऊन गुणगुण आली. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरून किंकाळी, “आलं! भाजलं!”

“आता भाजल्याचंही मीच ऐकायचं का?” म्हणत मेट्रनबाई वर धावल्या.

मेहुणा पाना पुसत, दात काढत म्हणाला, “काय दादा, शेवटी तुमच्या सांध्याला दुसऱ्याचा पाना लागलाच की!”

वाफ निथळत उठला, हत्यारं पिशवीत टाकली आणि म्हणाला, “धरायला काय, खुंटीसुद्धा सदरा धरते, मेहुणे. पाना फिरवला मी!”