चकतीला पाजलेलं पाणी

प्रकाशा गावच्या हेमकांतला कुणी विचारलं, शहाद्याच्या कॉलेजात तू नेमकं काय करतोस, तर 'सायन्सला आहे' एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. खरं काम प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं आणि टेबलं पुसण्याचं. केळीच्या बागेत राबायचा कंटाळा म्हणून त्याने सावलीतली नोकरी धरली, असं गाव म्हणायचं, आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं. माणूस मात्र मऊ. घरात पाल निघाली तरी बायकोला हाक मारायचा.

यंदा पावसाळ्यात पुण्याहून दामिनी मॅडम कॉलेजात आल्या आणि त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावर, काचेच्या बशीत ती चकती ठेवली. नखाएवढी, पारदर्शक, साबुदाण्याच्या खिरीसारखी लिबलिबीत. एका बारीक नळीतून तिला इंधनाचे थेंब मिळायचे, दुसरीतून खरकटं पाणी निघून जायचं. इंधन मिळालं की चकती आकसायची, दुसऱ्या जातीचं दिलं की फुलायची. टक लावून बघत बसलं तर काही कळत नसे. भांडं धुऊन मागे वळावं, तर ती बदललेली असायची.

आत कोट्यवधी यंत्रं आहेत, मॅडमनी सांगितलं. एकेक रेणू म्हणजे एकेक यंत्र. वीज नाही, मोटार नाही. इंधन खायचं आणि एकाच दिशेने फिरत धागे पिळायचे.

"मॅडम, हाई जित्तं शे का?" हेमकांतने विचारलं.

"नाही हो, हेमकांतभाऊ. इंधन संपलं की थांबतं, दिलं की पुन्हा चालतं."

"म्हंजे मरस नही?"

"जे जगतच नाही ते मरेल कसं?"

मॅडम हसल्या. हेमकांतच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला, कारण घरी खाटेवर त्याची आई होती.

सिंधुबाईंना होळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्या बोलल्या नव्हत्या, कुणाकडे बघितलं नव्हतं. नाकात नळी. हेमकांत आणि त्याची बायको कामिनी सिरिंजने त्यातून पातळ पेज सोडायचे. पेज गेली की छाती वर-खाली होत राहायची. पूर्वी हेमकांत पेज देताना आईशी बोलायचा. चकती बघितल्यापासून त्याचं बोलणं आटलं. खाटेवर आई आहे, की आपण घालतो त्यावर नुसतं काहीतरी चालू आहे? हा विचार मनात आला की त्याला स्वतःचीच किळस यायची, आणि तरी तो यायचाच.

गावची रीत अशी, की शेवटच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या तोंडात मुलाने आपल्या हाताने तापीचं पाणी घालायचं. त्यावाचून जीव उंबऱ्यात घुटमळतो म्हणतात. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडावाटे थेंबही नको, पाणी फुप्फुसात जाईल.

"मायना जीव पानीमा अटकेल शे," कामिनी म्हणायची. "पाजी द्या."

"पहिले माय आठे शे का, हाई सांग," हेमकांत खाटेकडे बोट दाखवून म्हणायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडम पुण्याला गेल्या आणि चकती हेमकांतच्या हवाली करून गेल्या. एका सकाळी त्याने धीर करून घाटावर जाऊन बाटलीभर पाणी आणलं. घरी येईपर्यंत धीर गळाला. बाटली पिशवीतच ठेवून, उशिरा, तो कॉलेजात पोचला.

इंधनाची बाटली रिकामी होती. चकती आकसून, सुरकुतून बशीच्या कडेला पडली होती. नवी बाटली कपाटात होती. ती लावायची, बस्स. पण हेमकांतच्या हाताने पिशवी उघडली. तापीचं पाणी त्याने झाकणात घेतलं आणि चकतीवर ओतलं.

चकती हळूहळू उलगडली. या वेळी ती त्याच्या डोळ्यांदेखत हलत होती. इतकी मोठी तिला त्याने कधीच पाहिली नव्हती. पूर्ण पसरली आणि तशीच राहिली. मग त्याने इंधन जोडलं, वाट पाहिली, दुसरं जोडलं. काही झालं नाही.

"नदीच्या पाण्याने धागे सुटले असणार. आता ही चालायची नाही," फोनवर मॅडम म्हणाल्या. आवाज रडवेला होता. "पण पाणी का घातलंत?"

"तहान लागेल व्हती, असं वाटनं," हेमकांत म्हणाला. मॅडमनी फोन ठेवला.

उन्हं कलताना तो घरी आला. कामिनीने पेज कोमट केली होती. त्याने ती बाजूला सारली, वाटीत तापीचं पाणी ओतलं आणि चमचा आईच्या ओठांना लावला. चकतीसारखंच होईल, हे त्याला पुरतं कळत होतं.

सिंधुबाईंचा घसा हलला. पाणी गेलं. ठसका लागला नाही. आणि ओठांमधून खरखरीत आवाज आला.

"आखो दे."

कामिनीने तोंडाला पदर लावला. हेमकांतला रडूही फुटेना. आई इथेच होती. होळीपासून, पेज देताना, तो तिच्याशी बोलायचा थांबला तेव्हाही, ती आतच होती आणि तहानलेली होती.

त्याने अजून दिलं. तिने अजून मागितलं. चमचा भरताना तो आता तिच्याशी बोलत होता, केळीचं, बाजारभावाचं, काहीबाही, भरभर. तिसऱ्या चमच्यानंतर तिने मागितलं नाही; छातीही वर-खाली झाली नाही.