बोटुकली वेळेआधी पोचली

आमची पिकअप भर दुपारी तलावाच्या पाळीवर उभी होती आणि तिथे चिटपाखरू नव्हतं. गाडीत बोटुकली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घालून वर ऑक्सिजन भरतात. तो संपला की पिल्लंही संपली.

मी ब्रह्मपुरीकडच्या एका मत्स्यबीज केंद्रात डिस्पॅच बघते. मी गावाला संध्याकाळची वेळ दिली होती. साहेबांनी गाडी सकाळीच काढायला लावली. "उशीर झाला की माल मरतो. लवकर गेल्यानं काय बिघडतं?"

मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष सुमनबाई चिखलाच्या पायांनी धावत आल्या. "काऊन इतक्या लौकर आले जी मॅडम? दिवस बुडता येतो म्हणलं होतं नं?"

"आता सोडून टाकू, बाई."

"कुठी सोडता? सांडव्याले जाळी नाई बांधली. सारे वाहून जातीन."

तलाव काठोकाठ होता. जादा पाणी सांडव्यावरून शेतात पडत होतं. मागच्या वर्षी बोटुकली अशीच वाहून गेली आणि सोसायटीला वर्षभर धरायला मासाच नव्हता.

"मग माणसं बोलवा."

"माणसं रोवणीत हायेत. धानाचे परे उपटून टाकले, आज नाई लागले तं वाळतीन. मासोळीसाठी धान मारू का?"

त्यांचंही खरं होतं. मी साहेबांना फोन लावला.

"पोचपावतीवर सही घ्या आणि सोडून या."

मला रागच आला. "साहेब, सही पोहत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

ड्रायव्हर विलास आणि मी पिशव्या न उघडताच जांभळाच्या सावलीत पाण्यावर तरंगत ठेवल्या. गारव्यात पिल्लं जरा तग धरतात. मग म्हटलं, "बाई, तुमचे दोन गडी जाळीला सोडा. त्यांच्या जागी आम्ही येतो."

"तुमच्यानं होईन?"

बाया रोवत होत्या, आम्ही पऱ्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहत होतो. मी चिखलात दोनदा बसकण मारली. बायांनी रोवणी थांबवून पोटभर हसून घेतलं.

परतलो तेव्हा जाळी ताठ बांधलेली होती. पिशव्यांची तोंडं सोडली. काही पिल्लं तळाशी आडवी झाली होती. वाईट वाटलं. बाकीची पाण्यात शिरताच दिसेनाशी झाली.

"यंदा जाळं रितं नाई येनार," सुमनबाई म्हणाल्या.

मीटिंगमध्ये साहेबांनी 'वेळेआधी डिलिव्हरी' म्हणून आमचं कौतुक केलं. माझी कंबर धरलेली होती, म्हणून टाळ्या बसूनच घेतल्या.

आता गाडी भरण्याआधी मी गावात फोन करून विचारते, बाई, हात कधी मोकळे होतील? त्या सांगतील ती वेळ. मग साहेबांना ती लवकरची वाटो की उशिराची.