मोतीनं आणलेली भाकर

ज्वारीच्या भाकरीचा काठ करपल्याचा वास आला की मला जाफराबादेकडचं आमचं गावातलं घर आठवतं. निजामाचं राज होतं. दादा, म्हणजे माझे वडील, आणि काका भांडून वेगळे झाले आणि एकाच अंगणात समोरासमोर दोन चुली पेटू लागल्या. बायकांनीही एकमेकींशी बोलायचं नाही, असं दोघांनी बजावलेलं.

मोती कुत्रा मात्र कुणाच्याच वाटणीत गेला नव्हता. शेवटची भाकर कुत्र्याची, ही रीत दोन्ही चुलींवर चालूच राहिली. आमच्याकडची खाऊनच त्याचं पोट भरायचं. मग सरूकाकीनं टाकलेली भाकर तो तोंडात धरून आणायचा आणि आमच्या उंबऱ्यापाशी ठेवून झोपायचा.

एका दुपारी आईनं ती भाकर उचलली. मला वाटलं, उकिरड्यावर टाकील. तिनं पदरानं माती झटकली, काठावरून बोट फिरवलं आणि एक तुकडा मोडून तोंडात घातला.

"आई, कुत्र्याची हाय ती!"

"सरूच्या हातची हाय," आई म्हणाली. "अजून काठ करपवूनच राह्यली. कितीदा सांगितलं तिला, जाळ कमी कर म्हणून."

समोरच्या बंद दाराकडं बघत ती किती तरी वेळ तो घास चावत राहिली.

तेव्हा मला किळस आली होती. आज माझी भाकर करपली, आणि जाळ कमी कर म्हणायला घरात कुणी नाही.