जरा खोकते हाय

आमच्या घरात याआधी कुणी लिहिलेलं नाही, म्हणून चुकलं तर माफ करा. पाम गावातले आमचे शेजारी काका जुनी पद्मिनी गाडी दुरुस्त करत होते. तिच्यातून काकूंना चिंचणीला माहेरी न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. दर रविवारी काकू साडी नेसून तयार व्हायच्या. काका इंजिन सुरू करायचे आणि त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावायचे.

"गप ऱ्हा. जरा खोकते हाय."

मग कार्बोरेटरचा स्क्रू पिळता पिळता संध्याकाळ व्हायची.

"माझी आईपण खोकते हाय," काकू म्हणायच्या. "ती नाय थांबायची तुमच्यासाठी."

परवा होस्टेलवर माझ्या आईचा फोन आला. काकू चिंचणीला त्यांच्या आईला भेटून आल्या, गाडी वाटेत कुठेच थांबली नाही. स्क्रूड्रायव्हर काकूंनी तांदळाच्या डब्यात लपवला होता.